बावीस इंचांचं दार

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आमच्या भागातल्या गोदाकाठच्या जॉगिंग ट्रॅकवर मी पडलो. ट्रॅकवर कसला, दारातच. दुचाक्या आत शिरू नयेत म्हणून तिथे लोखंडी पाइप रोवलेत. दोन पाइपांमधली फट बावीस इंच, माझी व्हीलचेअर सव्वीस (टेपने मोजलंय). मुलीने खुर्ची तिरकी करून काढायला बघितली, पुढचं चाक गटाराच्या जाळीत अडकलं आणि मी कोपरावर आपटलो. तीन टाके. तेवढ्यात शेजारच्या पडक्या भिंतीतून एक मोटरसायकल खुशाल आत गेली. वॉचमन म्हणाला, "काका, कशाला येता त्रास करून घ्यायला?" टाक्यांपेक्षा ते जास्त लागलं.

उद्घाटनाच्या दिवशी स्टेजवरून सांगितलं होतं, महिनाभरात रॅम्प होईल. झाला की! मागच्या दाराला. उंची दोन फूट, लांबी पाच. नियम एकास बाराचा, म्हणजे चोवीस फूट हवेत. चढताना ढकलायला दोन माणसं लागतात, उतरताना देव. पोरं मात्र घसरगुंडी खेळतात.

पांडवलेणीच्या पायऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. दोन हजार वर्षांपूर्वी डोंगर कोरणाऱ्यांपुढे अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा नव्हता. तुमच्यापुढे आहे. विरंगुळ्याच्या सार्वजनिक जागाही त्यात येतात, जुन्या बांधकामांची पाच वर्षांची मुदत २०२२ मध्येच संपली. सुगम्यतेचे निकष ऐच्छिक ठेवू नका, बंधनकारक करा, असं सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावलं. पण न्यायालयाला आमच्या दारातले पाइप थोडेच उपटता येतात?

आधी आम्ही अपंग होतो, आता दिव्यांग. अंग दिव्य झालं, फट बावीसच राहिली. २०११ च्या जनगणनेत देशात आम्ही २ कोटी ६८ लाख होतो. मतदार म्हणून तरी मोजा. आता सिंहस्थासाठी गावभर खोदकाम चाललंय. काठी टेकत येणाऱ्या म्हाताऱ्या घाट कशा उतरणार, हे त्या नकाशांत कुणी काढलंय का?

मागणी एवढीच: एका ठिकाणी तीन फुटांची वाट, धड रॅम्प आणि खुर्ची आत जाईल असं स्वच्छतागृह. हेच निवेदन घेऊन गेलो होतो. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. शिपायाने कागद वर नेला. पोच अजून खाली आलेली नाही.

रोज सकाळी सातला मी ट्रॅकच्या बाहेर, चहाच्या टपरीपाशी असतो. या. टेप मी आणतो.

आपला,
दारातला एक नाशिककर