मागच्या बाकावरच्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

हे पत्र पोस्टानं पाठवलं असतं तर तुम्ही तांबड्या पेनानं शुद्धलेखन तपासून परत केलं असतंत. म्हणून सगळ्यांसमोरच लिहितोय. आता "आभार कसले मानताय" म्हणायलाही तुम्हाला उशीर झालाय.

माझं बी.ए. मराठीचं. समायोजनात, म्हणजे जादा ठरलेल्या शिक्षकांना दुसरीकडं पाठवतात त्यात, शाळा बदलली आणि सहावी ते आठवीचं गणित-विज्ञान माझ्या गळ्यात पडलं, कारण तिथं ते घ्यायला दुसरं कुणी नव्हतंच. दोन वर्षं मी पुस्तकातल्या चौकटी फळ्यावर उतरवल्या. मुलांनी प्रश्न विचारू नये म्हणून घंटा होईपर्यंत बोलत राहायचो.

प्रशिक्षणं झाली नव्हती असं नाही. हजेरीपत्रकावर सही, उपमा, चहा, गटकार्य, चार्टपेपर, शेवटी फोटो. ऑनलाइन कोर्सची उत्तरं आधीच ग्रुपवर फिरायची आणि मीही ती बघूनच खुणा केल्यात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तास सांगितलेत. तास भरण्यात आम्ही कधी मागं नव्हतो.

तुम्ही सुलभक म्हणून, म्हणजे आमचं प्रशिक्षण घ्यायला आलात त्या दिवशी पीपीटी नव्हती. टेबलावर ताटात पाणी, पेटती मेणबत्ती आणि वर उपडा घातलेला काचेचा ग्लास. "पाणी आत का चढलं, लिहा." आम्ही सगळ्यांनी लिहिलं : ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली, हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणून पाणी पाचवा हिस्सा चढलं. बी.एस्सी. झालेल्यांनीही हेच लिहिलं होतं, याचा मला जरा आनंदच झाला. तुम्ही काही न बोलता त्याच ताटात तीन मेणबत्त्या पेटवल्या आणि तोच ग्लास घातलात. पाणी पहिल्यापेक्षा वर गेलं. "आता ग्लासात ऑक्सिजन वाढला काय?" हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. ज्योतीनं हवा तापून फुगते, थोडी बाहेर निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. पाणी चढतं ते मुख्यतः ज्योत विझल्यावर, हे आम्ही वर्षानुवर्षं बघत होतो आणि एकालाही खटकलं नव्हतं.

तरी आभार त्या दिवसाचे नाहीत. असे चमकदार दिवस आणखीही आले असते आणि सोमवारी मी पुन्हा चौकटी उतरवत बसलो असतो.

पंधरा दिवसांनी तुम्ही के.एम.टी.च्या, म्हणजे कोल्हापूरच्या शहर बसनं आमच्या शाळेत आलात. तुम्हाला कुणी पाठवलं नव्हतं, भत्ता नव्हता. "मी मागं बसते, माझ्याकडं बघू नका," म्हणालात आणि शंभर पानी वही काढलीत. मला घाम फुटला. तपासणी म्हटली की शिक्षकाला आपल्या चुकांची यादीच दिसते.

तास दशांश अपूर्णांकांचा होता. ५.११ आणि ५.४ मधली मोठी संख्या कोणती? नदीकाठच्या वस्तीतला, एरवी तोंड न उघडणारा पोरगा म्हणाला, "५.११." मी "चूक, बस खाली" म्हटलं, ५.४ म्हणजे ५.४० असं फळ्यावर लिहिलं आणि पुढं गेलो.

मधल्या सुट्टीत तुम्ही एकच विचारलंत, "सर, त्याला 'का' विचारलंत?"

विचारलं. तो म्हणाला, "पंचगंगेचं पाणी ३९.४ होतं, रात्रीत ३९.११ झालं. म्हणजे चढलंच की. तवाच आमची म्हसरं हलवली."

बाई, मी कोल्हापूरचा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे मला आईच्या वाढदिवसासारखं पाठ. २०१९ आणि २०२१ च्या पुरात हेच आकडे बघत रात्री काढल्यात. पावसाळ्यात मोबाइलवर येणारा ३९.११ म्हणजे ३९ फूट ११ इंच, हे मलाही ठाऊक होतं. फक्त वर्गात शिरताना ते मी चपलांबरोबर बाहेर ठेवत होतो. त्या पोरानं बिंदूचा अर्थ नदीकडून घेतला होता, आणि तिथं तो शंभर टक्के बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी आपण दोन पट्ट्या केल्या. एका फुटाचे १२ भाग आणि तेवढ्याच फुटाचे १० भाग. ४ इंच म्हणजे दशांशात जवळपास ०.३३ फूट, ११ इंच म्हणजे ०.९२, हे पोरांनी पट्टीवर बोट ठेवून काढलं. "मग मोबाइलवर टिंब कशाला देत्यात?" असं त्याच पोरानं विचारलं. त्याचं उत्तर माझ्याकडं आजही नाही. तास संपल्यावर तुमची वही बघितली तर त्यात माझ्याबद्दल एक ओळ नव्हती. सगळी मुलांची वाक्यं होती, जशीच्या तशी, 'तवाच' आणि 'म्हसरं' सकट.

त्यानंतर तुम्ही वर्षभर, महिन्यातून एकदा आलात. किरणोत्सवाचं तर मला हसूच येतं. लहानपणापासून अंबाबाईच्या देवळात गर्दीत चेंगरून मूर्तीवर पडणारे मावळतीचे किरण बघितले, पण ते ९ ते ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीलाच का, हे कधी डोक्यात आलं नाही. तुम्ही पोरांना कॅलेंडर दिलंत आणि दिवस मोजायला लावलेत. १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबर ४१ दिवस, तिथून १ फेब्रुवारी ४२. दक्षिणेकडं जाणारा सूर्य मधे थांबून मागं फिरतो, आणि त्याच जागी दोनदा मावळतो. मैदानात काठी रोवून सावल्याही आखल्या. (भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन काठीची सावली नाहीशी होते, तो शून्य सावलीचा दिवस तेवढा आमच्या नशिबात नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात येतो तेव्हा शाळेला सुट्टी, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येतो तेव्हा ढग.)

तुमचे गुडघे दुखायला लागल्यापासून येणं थांबलं आणि वही माझ्याकडंच राहिली. आता शेजारच्या शाळेतल्या नव्या बाई आणि मी एकमेकांच्या वर्गात मागं बसतो. पहिल्या दिवशी त्यांनाही घाम फुटला होता. मी वही पुढं सरकवली.

वहीच्या शेवटच्या पानावर तुम्ही सातवीतल्या एका मुलीचा प्रश्न लिहून ठेवलाय : "काहिलीत भेंडीचं चिकट पाणी घातल्यावरच मळी वर का येते?" परवा पोरांना घेऊन गुऱ्हाळावर गेलो. गुळव्यानं दोन वाट्यांत रस वेगळा काढून दिला, एकीत भेंडीचं पाणी घातलं, एकीत नाही. पोरांनी सात कारणं लिहिलीत. मी अजून एकही खोडलेलं नाही. वही आणि गुळाची ढेप घेऊन रविवारी तुमच्याकडं येतोय, चहा बिनसाखरेचाच करा.

आपला,
करवीर तालुक्यातला एक गणित-विज्ञान शिक्षक