कोटिंगचे पैसे घेऊन साधे ड्रेसिंग लावल्याबद्दल आणि पावसाळी टायरांच्या साठवणुकीतील हलगर्जीबद्दल तक्रार

दिनांक : १६ जून २०२५

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य कार्यालय, पुणे

विषय : १९ ऑक्टोबर २०२४ रोजीचे टायर कोटिंग व त्याच दिवशी साठवणुकीस दिलेले चार टायर यांबाबत भरपाईची मागणी

महोदय,

मी कोथरूड येथील रहिवासी असून गेली तीन वर्षे माझ्या गाडीची धुलाई, पॉलिश आणि टायरांची देखभाल आपल्याच केंद्रात करून घेत आहे. वेल्ह्यापलीकडे आमची थोडी भातशेती आहे आणि तिथवर पोहोचण्याचा शेवटचा अडीच किलोमीटरचा रस्ता मातीचा असल्यामुळे पावसाळ्यात साध्या टायरांनी तो पार करता येत नाही. म्हणून माझ्या फोर बाय फोर गाडीसाठी मी टायरांचे दोन संच ठेवतो : पावसाळ्याचे चार महिने मोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचे, चिखलात पकड घेणारे टायर, आणि उरलेले आठ महिने नेहमीचे रस्त्याचे टायर. चिखलाचे टायर डांबरी रस्त्यावर घोंघावतात आणि लवकर झिजतात, त्यामुळे ते बारा महिने चालवणे परवडत नाही. अदलाबदलीत टायर रिमवरून उतरवूनच घ्यावे लागतात, कारण रिमचा दुसरा संच माझ्याकडे नाही. हे सर्व आपल्या केंद्रातील सल्लागारांना पूर्वीपासून ठाऊक आहे.

गेल्या ऑक्टोबरात पाऊस संपल्यावर मी गाडी आणली, तेव्हा आपल्या दरपत्रकावर टायर काळे आणि चमकदार दिसावेत यासाठी तीन पर्याय होते : सॉल्व्हंटयुक्त चकचकीत ड्रेसिंग ३५० रुपये, पाण्यावर आधारित ड्रेसिंग ५०० रुपये आणि चारही टायरांचे कोटिंग ३,२०० रुपये. पहिल्या दोहोंत मुख्यतः सिलिकॉनचे तेल असते. सॉल्व्हंटवाले ओल्यासारखे चमकते, धूळ धरून ठेवते आणि चाक फिरू लागले की त्याचे शिंतोडे दारांवर उडतात. पाण्यावर आधारित ड्रेसिंग मंद काळे दिसते, रबराला त्यामानाने सौम्य असते, पण दोन-चार धुलायांत निघून जाते. कोटिंगचे तसे नाही. टायर आधी ब्रशने घासून त्यावरचा तपकिरी थर आणि जुन्या ड्रेसिंगचा तेलकटपणा पूर्ण काढावा लागतो, टायर कोरडा करावा लागतो, आणि लावलेला थर सुकून घट्ट होईपर्यंत त्याला पाणी लागू द्यायचे नसते. त्यानंतर तो हाताला लागत नाही, कपड्याला लागत नाही आणि काही महिने टिकतो. या साऱ्याचा विचार करूनच मी रस्त्याच्या टायरांसाठी कोटिंग निवडले. साठवणुकीस जाणाऱ्या पावसाळी टायरांना मात्र काहीही लावू नये, केवळ स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवावे, असे मी सांगितले आणि ते जॉब कार्डवर लिहूनही घेतले. कार्डावर आपल्याच सल्लागाराच्या अक्षरात निळ्या शाईने लिहिले आहे : 'पावसाळी टायर – फक्त धुणे, काहीही लावू नये.' सोबतच्या छायाप्रतीत ही ओळ स्पष्ट वाचता येते.

गाडी मला एक तास चाळीस मिनिटांत परत मिळाली. त्या वेळी चाकांमधून पाणी निथळत होते. आपल्या कोटिंगच्या माहितीपत्रकात मात्र थर लावल्यानंतर बारा तास टायर कोरडे ठेवावेत, असे छापलेले आहे. तिसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंच्या दारांच्या खालच्या भागावर, नेमके चाकांच्या मागे, तेलकट काळ्या ठिपक्यांच्या तिरप्या रांगा उमटलेल्या दिसल्या. मी पांढऱ्या सुती कपड्याने टायरची बाजू एकदा पुसली, तर कपडा चिकट काळा झाला आणि टायरवर बोटाएवढा निस्तेज पट्टा उरला. घट्ट झालेले कोटिंग अशा रीतीने कपड्यावर उतरत नाही. ते ३५० रुपयांचे ड्रेसिंगच होते, याबद्दल माझ्या मनात तेव्हाच शंका उरली नव्हती. मी केंद्रात जाऊन हे दाखवले असता 'साहेब, नवीन आहे म्हणून उडतंय, दोन दिवसांत बसेल' असे सांगून तिथल्या मुलाने पुन्हा तेच द्रव फडक्याने फिरवले. त्याच दिवशी लेखी तक्रार करायला हवी होती. ती मी केली नाही, ही माझी चूक मी मान्य करतो. दिवाळी तोंडावर होती आणि आठ महिन्यांच्या साठवणुकीसाठी ४,००० रुपये भरून पावसाळी टायर मी आपल्याकडे दिलेले होते, त्यामुळे वाद वाढवणे मला नको वाटले.

आता साठवणुकीविषयी. आपल्या पावतीवर 'थंड, कोरडी व अंधारी जागा' हे शब्द छापलेले आहेत आणि केवळ त्या शब्दांसाठी मी हे पैसे भरले. एरवी माझ्या इमारतीच्या जिन्याखाली टायर ठेवायला जागा होती. यंदा मोसमी पाऊस नेहमीच्या दोन आठवडे आधी, २६ मे रोजीच मुंबई-पुण्यात येऊन थडकला. शेतावर जाणे भाग असल्यामुळे मी त्याच दिवसापासून टायर मागू लागलो. पाच दिवस 'उद्या पाठवतो' एवढेच उत्तर मिळाल्यावर ३१ मे रोजी मी स्वतः आपल्या गोदामावर गेलो. ती महामार्गालगतची पत्र्याची शेड आहे. पत्र्याच्या फटींतून येणारे ऊन टायरांच्या चळतींवर पट्ट्यापट्ट्यांनी पडत होते. शेडच्या एका कोपऱ्यात हवेचा कॉम्प्रेसर चालू होता आणि चळतींपासून जेमतेम पंधरा फुटांवर एक कारागीर लोखंडी स्टँडचे वेल्डिंग करत होता. माझे चार टायर दहा-अकरा टायरांच्या चळतीत विखुरलेले होते. त्यांतले दोन अगदी तळाशी, कुणाच्या तरी जड गाडीच्या टायरांखाली दबलेले होते. मी आतल्या बाजूला पिवळ्या खडूने 'पु.डा.' (पुढचा डावा), 'मा.उ.' (मागचा उजवा) अशी चाकांच्या जागांची खूण केली होती. ती चारही टायरांवरून पुसलेली होती, त्यामुळे कोणता टायर कोणत्या जागी झिजला याचा हिशेबच आता उरलेला नाही.

याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे चारही टायर काळेकुळकुळीत चमकत होते. जॉब कार्डवरील सूचना धुडकावून त्यांना ड्रेसिंग लावलेले होते, तेही केवळ बाजूंना नव्हे, तर रस्त्याला टेकणाऱ्या ठोकळ्यांवर आणि खाचांमध्येसुद्धा. रस्त्याला टेकणाऱ्या रबरावर सिलिकॉनचे तेल लावलेली गाडी ओल्या घाटरस्त्यावर उतरवणे किती धोक्याचे आहे, हे टायरांचा व्यवसाय करणाऱ्या कंपनीला मी सांगायची वेळ यावी, हे खेदजनक आहे. घरी आणून ते टायर साबणाच्या पाण्याने तीनदा घासले, तेव्हा कुठे फेस तपकिरी यायचा थांबला, आणि मग खालचे रबर दिसले. तळाशी दबलेल्या दोन टायरांच्या बाजूंवर, काठालगतच्या वळणावर केसासारख्या बारीक चिरांची जाळी पडलेली आहे. अंगठ्याने रबर दाबले की चिरा उघडतात आणि सोडले की मिटतात. वरच्या चमकीमुळे गोदामात त्या मला दिसल्या नव्हत्या.

आपल्या व्यवस्थापकांनी दूरध्वनीवर यास 'टायर जुने आहेत' हे कारण दिले. ते खरे नाही. चारही टायरांवरील निर्मितीचा अंक १९२३ आहे, म्हणजे ते २०२३ सालच्या एकोणिसाव्या आठवड्यात तयार झालेले आहेत. साठवणुकीस दिले तेव्हा त्यांना दीड वर्षही झालेले नव्हते. नक्षीची खोली अजून ११ मिलिमीटर आहे आणि झीज दाखवणारी पट्टी १.६ मिलिमीटरवर येते, त्यामुळे हे टायर गोटा झालेले नाहीत, हे मोजपट्टी लावून कोणीही पाहू शकेल. चिरांचे कारण वयात नसून साठवणुकीत आहे. टायरच्या रबरात ओझोनपासून बचाव करणारी रसायने आणि मेण मिसळलेले असते. ते हळूहळू पृष्ठभागावर येत राहते आणि वापरातला टायर फिरताना लवत असल्यामुळे हा थर नवा होत जातो. टायरवर येणारी तपकिरी झाक बहुतांशी त्याचीच असते. पडून राहिलेल्या टायराला ही सोय तितकीशी मिळत नाही. वेल्डिंगच्या ठिणगीत आणि विजेच्या मोटारीत होणाऱ्या स्फुल्लिंगात ओझोन तयार होतो आणि तो ताणलेल्या रबरावर घाव घालतो. दबून बाहेर फुगलेल्या टायरचे वळण म्हणजे ताणलेले रबरच होय. वरचे दोन टायर बरे राहिले आणि तळाचे दोन चिरले, याचा अर्थ मला तरी एवढाच लागतो. ड्रेसिंगमुळेच चिरा पडल्या, असा माझा दावा नाही. सॉल्व्हंटचा संपर्क साठवलेल्या रबराला नको, हे मात्र टायर उत्पादकही सांगतात. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली काय तापमान होत असेल, याचा अंदाज पुणेकराला देण्याची गरज नाही. रिमवरून उतरवलेले टायर उभे ठेवून अधूनमधून थोडे फिरवायचे असतात, हेही या व्यवसायातले प्राथमिक ज्ञान आहे.

दबण्याचा आणखी एक परिणाम टायर बसवताना दिसला. तळाच्या दोन्ही टायरांचे रिमवर बसणारे काठ एकमेकांच्या इतके जवळ आले होते की रिमवर चढवल्यावर हवा धरेनात. आमच्या भागातील टायरवाल्याने बाहेरून पट्टा आवळून, काठ फाकवून, चौथ्या प्रयत्नात ते बसवले आणि जादा मजुरीसह ६०० रुपये घेतले. चिरा पाहून त्यानेच हे दोन टायर घाटात चालवू नका, असे सांगितले. ते मी त्याच दिवशी उतरवून ठेवले आहेत. लावणीच्या तयारीचे दिवस असताना मला सध्या शेतावर शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरवर बसून जावे लागत आहे.

माझी मागणी पुढीलप्रमाणे आहे. न लावलेल्या कोटिंगचे ३,२०० रुपये आणि साठवणुकीचे ४,००० रुपये पूर्ण परत मिळावेत. खराब झालेल्या दोन टायरांची खरेदी किंमत बिलाप्रमाणे २३,६०० रुपये आहे. ते काही काळ वापरलेले असल्याने मी स्वतःहून चौथा हिस्सा वजा करून १७,७०० रुपये मागत आहे. बसवण्याच्या ६०० रुपयांसह ही रक्कम २५,५०० रुपये होते. याखेरीज माझ्या टायरांना प्रत्यक्षात कोणते द्रव लावले, त्याचे नाव आणि सुरक्षितता माहितीपत्रक मला लेखी द्यावे. पुढील सेवेत सवलत किंवा मोफत धुलाईचे कूपन देऊ नये. ते मी स्वीकारणार नाही. त्या शेडमध्ये इतर ग्राहकांचेही टायर आहेत. त्यांना कळवणे आपले काम आहे आणि ते आपण पावसाचा जोर वाढण्यापूर्वी कराल, अशी अपेक्षा आहे.

एका सेवेचे पैसे घेऊन दुसरी देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि वर वर्णन केलेली साठवणूक ही सेवेतील त्रुटी आहे, असे माझे म्हणणे आहे. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत समाधानकारक लेखी उत्तर न आल्यास मी पुण्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारांना तिथे शुल्क लागत नाही, म्हणून रक्कम लहान आहे या कारणाने मी थांबेन, असा समज करून घेऊ नये.

दोन्ही टायर, पांढरा कपडा आणि ३१ मे रोजीची गोदामाची छायाचित्रे माझ्याकडे जपून ठेवलेली आहेत. आपल्या तांत्रिक प्रतिनिधीस ती पाहायची असल्यास रविवार वगळता सायंकाळी सहानंतर आधी दूरध्वनी करून यावे. माझा क्रमांक जॉब कार्डवर आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
(स्वाक्षरी)
जॉब कार्डवरील ग्राहक, कोथरूड, पुणे

सोबत : जॉब कार्ड, कोटिंगचे बिल, साठवणुकीची पावती, टायर खरेदीचे बिल व बसवण्याची पावती यांच्या छायाप्रती, छायाचित्रे ९