टीव्हीवर दाखवतात तसा?

पुणे

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

आई, दिवाळीत मी समलिंगी असल्याचं सगळं सांगितलं, तेव्हा बराच वेळ गप्प राहून तू एवढंच विचारलंस, "म्हणजे टीव्हीवर दाखवतात तसा?" त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. आज लिहितोय.

टीव्हीवरचा तो मला चांगला ठाऊक आहे. दांडिया बाजारातल्या घरी तुमच्या शेजारी बसूनच पाहिलाय. लचकत येणारा, दिसेल त्या पुरुषाच्या गळ्यात पडणारा, आला रे आला की हशा. तुम्ही हसायचात. मीही हसायचो, कुणाला शंका येऊ नये म्हणून जरा जास्तच मोठ्यानं.

पेपरात याहून वाईट. खून झाला की मथळ्यातच 'समलैंगिक संबंधातून'. नवऱ्यानं बायकोला मारलं तर तो त्या एका माणसाचा गुन्हा असतो. आमच्यातल्या एकानं केलं की आम्ही सगळेच मथळ्यात.

बाबा, २००६ चा मार्च आठवतो? मी नववीत होतो. राजपीपळ्याचे राजकुमार मानवेंद्रसिंह गोहिल यांनी एका गुजराती दैनिकाला मुलाखत देऊन आपण समलिंगी आहोत हे उघड सांगितलं. गावात त्यांचे पुतळे जाळले. पुढे काही महिन्यांनी घरच्यांनी संबंध तोडल्याची जाहीर नोटीस पेपरात दिली. मुलाखतीचा तो पेपर तुम्ही माळ्यावर टाकलात, मी दुपारी उतरवून वाचला. आमच्यातला कुणी स्वतःच्या तोंडानं बोलतोय, हे मी पहिल्यांदाच वाचत होतो. पण मनात राहिली ती नोटीस. पुढे कित्येक महिने पेपर आला की मी आधी जाहीर नोटिसांचं पान उघडायचो, माझं नाव शोधायला. तुम्ही असं कधी करणार नाही हे कळायचं, तरी उघडायचोच.

आणि भूपेन खख्खर. तुम्ही किती अभिमानानं सांगायचात, की आपल्या बडोद्याचा एवढा मोठा चित्रकार, आणि माझ्यासारखाच हिशेबनीस! हा माणूस पुरुषांवर प्रेम करायचा आणि तेच उघडपणे रंगवायचा, हे मला पंचविशीत, इथे पुण्यात, एका पुस्तकातून कळलं. तेव्हा तो जाऊनही बरीच वर्षं झाली होती. नववीत कळलं असतं तर मी ती नोटीस शोधत बसलो नसतो.

६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ वरचा सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला, आमचं प्रेम गुन्हा राहिलं नाही. चॅनेलांवर नाच आणि झेंडे. मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून तुम्हाला फोन लावला आणि "जेवलात का?" विचारून ठेवून दिला. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रांनी लिहिलं होतं, की इतिहासानं या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागायला हवी. कुटुंबीयांची, आई. त्यात तुम्ही दोघंही आलात. टीव्हीनं तुम्हालाही फसवलंय, म्हणून तुझ्या प्रश्नाचा मला राग आला नाही.

तर, नाही गं, तसा नाही. ज्याच्याबरोबर मी सहा वर्षं राहतोय तोही तसा नाही. सकाळी तो आधी उठून दूध तापवतो, मला सर्दी झाली की सुंठ उगाळतो. आणि जे खरंच लचकत चालतात, त्यांच्यावरही हसू नका. पडद्यावर सगळ्यात जास्त त्यांनीच सोसलंय.

गणपतीत दोघं येतोय. अहिंसा एक्स्प्रेसची तिकिटं काढलीत. बाबा, त्याला बुद्धिबळ येतं. आई, त्याला तिखट सोसत नाही, शेव-उसळीची तरी वेगळी ठेव.

तुमचा,
बाळ