'अवतार' कन्नडमध्ये येतो, मग मराठीत का नाही?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

गेल्या डिसेंबरात आमच्या आज्जीला घेऊन 'अवतार'चा तिसरा भाग बघायला गेलो होतो, 'फायर अँड ॲश'. आज्जी सत्त्याहत्तर वर्षांची, माहेर शिरोळ तालुक्यात नदीकाठचं, पिक्चरचा नाद पहिल्यापासनं. थ्रीडीचा चष्मा तिच्या नेहमीच्या चष्म्यावर चढवून दिला, पाय लांब करता यावेत म्हणून कडेची सीट घेतली, आणि सव्वातीन तासांचा पिक्चर तिनं एकदाही घड्याळ न विचारता बघितला. पण ऐकला मात्र माझ्या तोंडनं. कारण आपल्याकडं तो हिंदीत आणि इंग्लिशमध्ये लागला होता, मराठीत नव्हता. आज्जीला हिंदी कळत नाही असं नाही, सिरियल ती हिंदीतल्याही बघते, पण या डबिंगची हिंदी म्हणजे घरातली हिंदी नव्हेच, निम्मे शब्द माझ्याच डोक्यावरनं गेले. मग ती दर दोन मिनिटांनी "आरं काय म्हणाली ती?" म्हणून विचारायची आणि मी कानात सांगायचो, मागच्या रांगेतनं दोनतीनदा "शूऽऽ" आलं, त्यांचंही बरोबरच होतं, पैसे त्यांनीपण भरलेले. शेवटी आज्जीच म्हणाली, ऱ्हाऊ दे बाबा, नुसतं बघते.

त्या नुसतं बघण्यातही तिला जे कळलं ते मला इथं लिहायचंय. दुसऱ्या भागात त्या नेतिरीचा थोरला मुलगा मेलेला असतो आणि हा भाग त्याच दुःखात सुरू होतो, नवरा शस्त्रं गोळा करण्यात गुंतलाय, पोरांचं पोरांपाशी, आणि ती बाई आतल्या आत जळतीय. आज्जी हळूच म्हणाली, "लेकरू गेलेली बाई हाय ती, तिला कोणतरी जवळ घ्या की." एवढ्या मोठ्या पडद्यावर, एवढ्या निळ्या माणसांत, तिनं बरोबर बाई शोधून काढली. माझं या पिक्चरबद्दलचं मत विचाराल तर डोळ्याला असं काही मी दुसरं बघितलेलं नाही, पाणी, आग, राख सगळं हात लावून बघावं असं, पण शेवटची लढाई दुसऱ्या भागाचीच उजळणी वाटली, परत समुद्र, परत जहाजं, परत पकडलेली पोरं. तरी मी त्याला चांगलाच म्हणीन आणि ते या आईच्या दुःखासाठी.

आता माझा मुद्दा. हाच 'अवतार' आपल्या देशात इंग्लिश आणि हिंदी सोडून तमिळ, तेलुगू, मल्याळम आणि कन्नडमध्ये आला. कन्नडमध्ये! आमची मावशी बेळगावला असते, म्हणजे इथनं दोनअडीच तासांवर. तिच्या शेजारच्या कन्नड घरातली आज्जी जाऊन आपल्या भाषेत हा पिक्चर बघू शकते आणि कोल्हापुरातली आज्जी बघू शकत नाही. आणि कर्नाटकात तर डबिंगला वर्षानुवर्षं विरोध होता, तिथल्या पिक्चरवाल्यांनी ते होऊच दिलं नव्हतं, २०१५ साली स्पर्धा आयोगानं त्या बंदीविरुद्ध निकाल दिला आणि मग हळूहळू वाट मोकळी झाली. म्हणजे जिथं दार बंद होतं ते उघडलं, आणि आपल्याकडं दार कधी बंद नव्हतंच तरी आत फारसं कोण आलं नाही. मराठी माणसाला हिंदी येते, मग वेगळा खर्च कशाला, एवढाच हिशेब.

हे नुसतं इंग्लिश पिक्चरचं नाही. 'कल्की २८९८ एडी' जून २०२४ मध्ये आला तेव्हापण आज्जी सोबत होती आणि तेव्हा उलटं झालं. पडद्यावर अमिताभ बच्चन अश्वत्थामा म्हणून उभा राहिला, कपाळावर जखम, आणि आज्जी मला सांगायला लागली, "ह्यो तेल मागत फिरतोय बघ अजून, जखमेवर घालाय." आपल्याकडं अश्वत्थाम्याची जखम म्हटलं की पोराला पण कळतं भळभळणारी जखम म्हणजे काय. तो सगळा भाग तिनं मला समजावला. मग पुढं ते श्रीमंतांचं कॉम्प्लेक्स, ते लपलेलं शंभाला, ती सहा टनांची बुज्जी गाडी (ती खरोखरची बांधली होती म्हणे, नुसती कॉम्प्युटरवरची नाही), तिथं परत मी कानात. महाभारतानंतर सहा हजार वर्षांनी काय होईल ही कल्पना मला प्रचंड आवडली, २८९८ हा आकडा त्याच हिशेबानं काढलाय. प्रभासच्या पहिल्या तासातल्या विनोदांनी मात्र पिक्चर खाली बसतो, आणि दर दहा मिनिटांनी कोणतरी ओळखीचा चेहरा पाहुणा म्हणून येऊन जातो त्यानं गोष्ट तुटते. अश्वत्थामा आला की परत उभी राहते. आता सांगा, ज्या गोष्टीचा अर्धा जीव आमच्या आज्जीला तोंडपाठ आहे ती गोष्ट तिला परक्या भाषेत का बघायला लागावी?

'ड्यून'चा दुसरा भाग आज्जीनं बघितला नाही, मी एकट्यानं बघितला आणि बाहेर आल्यावर वाटलं हा पिक्चर जतला, आटपाडीला, माणला दाखवायला पाहिजे. तिथल्या वाळवंटातली माणसं घामाचा थेंब वाया घालवत नाहीत, अंगातल्या सूटमधनं तेच पाणी परत पितात, मेलेल्या माणसाच्या अंगातलं पाणीसुद्धा टोळीसाठी काढून ठेवतात. टँकरच्या मागं कळशी घेऊन पळालेल्या बाईला हे समजवायला लागणार नाही, तिला तो वाळूतला राक्षसी किडा नवा वाटेल, बाकी सगळं ओळखीचं. त्या पिक्चरला साउंड आणि व्हिज्युअल इफेक्ट्स दोन्हीची ऑस्करं मिळाली आणि ती योग्यच मिळाली. पण माझ्या लक्षात राहिलं ते पाणीच. आणि पाण्याबद्दल आपल्या भाषेत जेवढे शब्द आहेत, झरा, पाझर, उपळी, ओल, वाफसा, तेवढ्यांनी तो पिक्चर बोलला असता तर काय झालं असतं असं मला त्या रात्री घरी येईस्तोवर वाटत होतं.

याहून जास्त लागतं ते पुढचं. 'मुंज्या' बघितला, २०२४ चाच. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, आपला माणूस. गोष्ट कोकणातली, मुंज झाल्या झाल्या मेलेलं पोर पिंपळावर बसतं ही आपली घराघरातली गोष्ट, बारा पिंपळावरचा मुंजा हा तर आपला वाक्प्रचार. पिक्चर चांगला आहे, घाबरवतो पण आणि हसवतो पण, शंभर कोटींच्या पुढं गेला, मला त्याचा अभिमान आहे. पण तो हिंदीत आहे. मध्येमध्ये मराठी शब्द येतात आणि प्रत्येक वेळी थेटरात आनंदाची लाट उठते, म्हणजे लोकांना तहान किती आहे बघा. 'तुंबाड'चं तेच. दिग्दर्शक राही अनिल बर्वे, प्रेरणा नारायण धारपांच्या कथेची, नाव कोकणातल्या गावाचं, तो न थांबणारा पाऊस आपला, तो वाडा आपला, ती हाव पण आपलीच, आणि भाषा हिंदी. मी धारप वाचले करवीर नगर वाचन मंदिरातनं आणून, रात्री दिवा चालू ठेवून झोपायचो. २०१८ ला तुंबाड फार चालला नाही, सप्टेंबर २०२४ मध्ये परत लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. मी दोन्ही वेळा बघितला आणि दोन्ही वेळा डोक्यात त्याचं मराठी करत बघितला.

आणि मग मल्याळी लोकांनी काय केलं बघा. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये 'लोका' आला, पहिला भाग 'चंद्रा'. त्यांच्याकडं जुनी यक्षीची गोष्ट आहे, नीली नावाची. तिला त्यांनी आजच्या बेंगळुरूत आणलं, सुपरहिरो केलं, कल्याणी प्रियदर्शन, काय उभी राहिलीय ती पोरगी. बजेट तीसेक कोटींचं म्हणतात, आपल्याकडं मोठमोठ्या पिक्चरच्या नुसत्या हिरोचं मानधन त्याच्या पुढं असतं. पण पहिली गोष्ट त्यांनी ही केली की यक्षी मल्याळमच बोलते. पिक्चर मल्याळममध्ये आला, चालला, मग डब होऊन हिंदीत आपल्याकडं आला आणि आपण तो बघितला. त्यांची यक्षी स्वतःच्या भाषेत जगात गेली आणि आपला मुंजा हिंदी शिकून गेला. हे मी कुणाला नावं ठेवायला लिहीत नाही, हिंदीत पैसा उभा राहतो, मराठीत राहत नाही हे मला कळतं. पण तसंय तर निदान तयार झालेल्या पिक्चरला मराठी आवाज द्या, त्याला परत सेट लावायला लागत नाहीत.

मराठीत हे शोभत नाही, स्पेसशिपमध्ये बसलेला माणूस मराठी बोलला की हसू येतं, असं सांगणारे मला पुष्कळ भेटलेत. त्यांना मी जयंत नारळीकरांचं नाव सांगतो. जन्म याच कोल्हापुरातला, १९३८ चा. केंब्रिजला विश्वाचं गणित करून आलेला माणूस, आणि १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला दुसऱ्याच नावानं गोष्ट पाठवली, 'कृष्णविवर', मराठीत, आणि बक्षीस मिळवलं. कृष्णविवर हा शब्द ऐकून कुणाला हसू येतं का? मला तर अंगावर काटा येतो. गेल्या वर्षी मे महिन्यात ते गेले तेव्हा मी त्यांची पुस्तकं परत काढून वाचली, त्यातलं अंतराळ मराठीत आहे आणि कुठंही अडत नाही.

दुसरं म्हणतात की डबिंग आलं तर मराठी पिक्चरचे शो जातील. ही काळजी खरी आहे, मी स्वतः मराठी पिक्चरला गेलोय आणि दुसऱ्या आठवड्यात तो उतरलेला बघितलाय. पण माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या खेळाला आज हिंदी 'अवतार' लागतोय त्याच खेळाला मराठी 'अवतार' लावा, मराठी पिक्चरच्या वेळेला हात लावू नका. जागा हिंदी डबिंगची जाईल, मराठी पिक्चरची नाही. वर आपल्या नाटकवाल्यांना काम मिळेल. या गावात आवाजाची माणसं कमी नाहीत, केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं तेव्हा रस्त्यावर उभं राहून माणसं रडली, त्यातले कितीतरी रंगमंचावर उभे राहिलेले होते. आणि करायचंच तर नीट करा, सगळ्यांना पुस्तकी एकच भाषा देऊ नका. 'अवतार'मधली समुद्राकाठची टोळी मालवणी बोलू दे, जंगलातली वेगळी बोलू दे, राखेतली माणसं माणदेशी बोलू देत. वेगळ्या टोळ्या आहेत हे कान उघडताच कळेल. आयपीएलची कॉमेंट्री मराठीत आली तेव्हाही लोक आधी नाकं मुरडत होते, आता आमच्या गल्लीत तीच लागते.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा तो स्तंभ आहे ना, त्याच्यासमोरनं मी रोज जातो. बाबूराव पेंटरांनी स्वतः खपून कॅमेरा बनवला याच गावात, १९२० च्या 'सैरंध्री'त कीचकाचं मुंडकं उडवलेलं इतकं खरं दिसलं की तो सीन कापायला लावला. म्हणजे आज ज्याला व्हीएफएक्स म्हणतात ते आमच्या पेठेतल्या माणसांनी शंभर वर्षांपूर्वी हातानं केलं. दादासाहेब फाळक्यांचा शेवटचा पिक्चर 'गंगावतरण' पण कोल्हापूर सिनेटोनचाच, १९३७ चा. आणि माझ्या मुद्द्याला सगळ्यात जवळचं म्हणजे प्रभातचा 'अयोध्येचा राजा', १९३२, प्रभात तेव्हा कोल्हापुरातच होती. तो मराठीत केला आणि हिंदीतही केला. डबिंगची सोय नव्हती तर सरळ दोन्ही भाषांत शूटिंग केलं! तेव्हा दोन भाषा परवडत होत्या आणि आज माईकसमोर उभं राहून आवाज भरणं परवडत नाही, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

परत आज्जीकडं येतो. त्या दिवशी घरी आल्यावर चहा पिताना तिनं विचारलं, ती राखेतली बाई एवढी वाईट का वागत हुती? मी सांगितलं, वरांग तिचं नाव, त्यांच्या गावावर ज्वालामुखी फुटला, सगळं जळालं, त्यांनी देवीला हाका मारल्या आणि देवी आली नाही, म्हणून तिनं देवीच सोडली. आज्जी कितीतरी वेळ काही बोलली नाही. २०१९ च्या पुरात तिच्या भावाचं घर गेलंय, गोठ्यातली जनावरं गेली, भाऊ त्यानंतर दोन वर्षं नरसोबाच्या वाडीला दत्ताच्या पायाला गेला नाही. मग म्हणाली, "आदी का न्हाई सांगितलंस? मी तिला उगंच शिव्या देत बसले."

मी सांगितलं होतं हो, पण मागनं "शूऽऽ" आलं तेव्हा नेमकं तेच सांगत होतो.

'अवतार'चा पुढचा भाग २०२९ च्या डिसेंबरात ठरलाय, 'कल्की'चा दुसरा पण येणार आहे. आज्जी तेव्हा ऐंशीच्या घरात असेल. वितरकांना आणि थेटरवाल्यांना तुमच्या पेपरातनं एवढंच कळवा की कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, साताऱ्याला दिवसाला एक तरी मराठी शो ठेवा, सकाळी अकराचा ठेवलात तरी चालेल, म्हातारी माणसं त्याच वेळेला निवांत असतात. पहिली दोन तिकिटं आमची, आणि गल्लीतल्या आणखी सातआठ आज्ज्यांना मी स्वतः रिक्षा करून घेऊन येतो.

आपला,
एक प्रेक्षक, मंगळवार पेठ, कोल्हापूर