तोंडावर आभार मानू देत नाही, म्हणून हे पत्र

भाऊ,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

समोर येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही “त्यात काय एवढं बाई” म्हणता आणि लगेच यंदा पाऊस कधी लागणार यावर येता. ह्यांनी पाकीट पुढे केलं, तर नंतर बरेच दिवस तुम्ही आमच्या फाटकाकडे फिरकलाच नाहीत. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं. पाहुणे म्हणून आम्ही गावोगाव हिंडत होतो तेव्हा वाईतलं आमचं घर आणि बाग कोणत्या शेजाऱ्याच्या जिवावर होती, ते लोकांनाही कळू दे. वाचून झाल्यावर पाऊस कधी लागणार ते जरूर बोलू.

आमच्या वयाच्या माणसांना सगळे विचारतात, प्रवास झेपतो का? झेपतो. गुडघे कुरकुरतात, पण एकदा खिडकीची जागा मिळाली की तेही गप्प बसतात. परवानगी घ्यावी लागते ती कुंड्यांची. फाल्गुन-चैत्र हे बोलावण्यांचे दिवस. पोरांच्या परीक्षा संपतात, मुलगा म्हणतो आता या, भाचीकडे मुंज निघते, कोल्हापूरची अक्का म्हणते जोतिबाच्या यात्रेला नाही आलीस तर बोलणार नाही. आणि नेमकी तेव्हाच बागेला माणसाची गरज. मोगऱ्याला कळी धरलेली असते, कैरी सुपारीएवढी झालेली असते आणि एक दिवस पाणी चुकलं की तेवढीच गळून झाडाखाली पडते, कुंडीतली माती दुपारपर्यंत पापडासारखी कडक. त्यात आमच्याकडे हळद. वाईच्या मातीत हळद लावायची नाही तर काय लावायचं, असं म्हणून मी परसात दोन वाफे करते खरे, पण ती काढायची, उकडायची, वाळवायची वेळ अशी येते की घरात दुसरं काही करायला नको.

यंदा तर सगळं एकावर एक आलं. हे बँकेतून निवृत्त झाले, पण पतसंस्थेची कीर्द-खतावणी अजून ह्यांच्याच गळ्यात आहे. मार्चअखेर जवळ आली की तेरीज, म्हणजे जमा-नावेची बेरीज, जुळेपर्यंत आमच्या घरात कुकरनेसुद्धा शिट्टी हळू करायची असते. रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनच्या यात्रेतलं बगाड बघायला पुण्याहून दीर-जाऊ, त्यांची सून, नातवंडं असे सगळे आलेले. मी पुरणात, हे ताळेबंदात, आणि परसात काढून ठेवलेली हळद तशीच. संध्याकाळी बघते तर तुमच्याकडच्या वहिनींनी तीन दगडांची चूल मांडलेली आणि तुम्ही पातेल्यावर वाकून गवताची काडी हळकुंडात टोचून बघताय. काडी आरपार गेली तशी पातेलं उतरवलंत. मी तुम्हाला बोलावलं नव्हतं. धूर दिसला म्हणून मी आले, इतकंच मला ठाऊक. पुण्याच्या पाहुण्यांनी तुम्हाला आमचा गडीमाणूस समजून पाणी मागितलं आणि तुम्ही ते आणून दिलंत, हे मला नंतर कळलं. त्यांना मी चांगलं सुनावलं आहे.

वर्ष संपलं, तेरीज जुळली आणि आम्ही सातारहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने नागपूरला निघालो. पाडवा लेकाकडे. निघताना किल्ली तुमच्या हातात दिली, तेव्हा ह्यांनी बागेत काय काय करायचं ते सांगायला सुरुवात केली. तुम्ही ऐकून घेतलंत, मान हलवलीत आणि म्हणालात, “साहेब, मी एसटीत असताना मुक्कामी गाडी न्यायचो. अजून पहाटं चारला डोळं उघडत्यात. त्या येळंला करायचं काय, ते आता मिळालं.” यापुढे ह्यांना बोलायला काही उरलंच नाही.

नागपूरचं फार सांगत नाही. ऊन तुम्हाला माहीत आहे, माणूस कूलरसमोरून उठत नाही. मृग बहाराची शेवटची संत्री खाल्ली, नातवाला बाराखडी घोकायला लावली, सुनेच्या बाल्कनीत हिरवी जाळी बांधून घेतली. जिथे जाईन तिथे मी कुंड्यांशी झटापट करते, असं मुलगा म्हणतो, म्हणू दे.

पण तिथे असताना इकडे जो वळीव झाला, तो मात्र सविस्तर लिहिते, कारण तुम्ही फोनवर “जरा शिंतोडं आलं” एवढंच म्हणालात. खरं काय झालं ते मला वहिनींनी सांगितलं. हळद अंगणात पोत्यांवर पसरलेली होती, खणखणीत वाळायला अजून पाच-सहा उन्हं हवी होती. तुम्ही जेवायला बसला होतात. पांडवगडाच्या अंगाला काळं भरून आलं, वारं सुटलं. तुम्ही ताटावरून उठलात आणि फाटकाला वळसा नको म्हणून कंपाऊंडच्या भिंतीवरून उडी मारलीत. या वयात! (वहिनी हे सांगताना अजून चिडलेल्या होत्या.) पोत्यांची टोकं धरून सगळी हळद आत नेलीत आणि आमच्या बाहेरच्या खोलीत पंख्याखाली पसरलीत. जागा पुरेना म्हणून ह्यांच्या फायली उचलून कपाटावर ठेवल्यात. शेवटचं पोतं आत गेलं आणि गारा सुरू झाल्या. उकडलेली हळद अर्धवट वाळलेली असताना भिजली की तिला बुरशी धरते, रंग जातो. वर्षाची मेहनत उकिरड्यावर टाकावी लागते. आज हळकुंड मोडलं तर कट्‌ असा आवाज येतो आणि आतून नारिंगी निघतं. पतसंस्थेच्या दोन फायलींवर पिवळी बोटं उमटली आहेत. ऑडिटरने विचारलं तर काय सांगायचं ते ह्यांचं ठरलं आहे.

त्याच वाऱ्यात आमच्या शेवग्याची मोठी फांदी मोडली. शेवग्याचं लाकूडच ठिसूळ, त्यात शेंगांचं ओझं. ते तुम्ही आम्हाला परत येईपर्यंत कळू दिलं नाहीत. कळलं असतं तर मी तिथे बसून हळहळले असते, एवढंच झालं असतं. तुम्ही मोडलेल्या फांदीचे हातभर तुकडे करून कुंपणाच्या कोपऱ्यात रोवून टाकलेत, आणि त्यातल्या तिघांना आज फुटवे आहेत. दूरच्या माणसाला कोणती बातमी द्यायची आणि कोणती घरातच ठेवायची, हे फार थोड्यांना समजतं. आमच्या नात्यात तर कुणालाच समजत नाही.

नागपूरहून सरळ घरी यायचं ठरलं होतं. तेवढ्यात कोल्हापूरहून फोन आला, अक्का न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करायचं आहे. तिच्याजवळ दुसरं कुणी नाही, तुम्हाला माहीत आहे. आम्ही तीच गाडी धरून निघालो. सातारा स्टेशन आलं तेव्हा घर तासाभरावर होतं. हे म्हणाले, मी उतरतो, बाग बघतो, तू पुढे जा. खरं तर मला ह्यांची तिथे गरज होती. औषधं आणायची, रात्री बसायचं, कागदपत्रं करायची, ते माझ्या एकटीच्याने होणारं नव्हतं. मी तुम्हाला फोन लावून ह्यांच्या हातात दिला. तुमचा आवाज मलाही ऐकू येत होता. “साहेब, बाग हितंच हाय. कुटं जात न्हाई. अक्कांचा पाय बघा आधी.” गाडी सुटली, हे उतरले नाहीत.

भाऊ, या सगळ्या पत्रात मला जे सांगायचं आहे ते हेच. पाणी कुणीही घालतं. आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो तेव्हा आमच्या डोक्यात बाग नव्हती. अक्काला पहिल्यांदा वॉकर धरून उभं केलं, तेव्हा एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला हे होते. ती आता घरातल्या घरात चालते. जोतिबाची यात्रा आमची हुकली. तिने खिडकीतूनच हात जोडले आणि गुलाल मात्र शेजाऱ्यांकडून मागवून घेतला.

आणि नेमके त्याच दिवसांत इथले नळ कोरडे पडले. ह्यांनी मोठ्या हौसेने टायमर लावून ठिबक बसवलं होतं, पण टाकीतच पाणी नाही तर टायमर काय थेंब पाडणार? तुम्ही बाजारातून बिनरंगाची साधी मडकी आणलीत, लिंबाच्या, कढीपत्त्याच्या आणि मोगऱ्याच्या बुडाशी गळ्यापर्यंत पुरलीत, तुमच्या बोअरचं पाणी कळशीने आणून भरलीत आणि वर खापरी झाकल्या. माती सुकेल तसं मडकं झिरपतं, माती ओली असेल तर पाणी आतच राहतं. ह्यांनी परत आल्यावर एका मडक्याभोवतीची माती उकरून पाहिली. ओल वीतभर पसरली होती आणि लिंबाची पांढरी मुळं मडक्याला येऊन चिकटली होती. ह्यांनी टायमर काढून माळ्यावर टाकला आहे. नवीन मडकीच का घेतलीत, घरातला जुना माठ का नाही, हे मी वहिनींना विचारलं. जुन्याची छिद्रं क्षारांनी बुजतात, म्हणाल्या. इतकी वर्षं बाग करून हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कैऱ्या तुम्ही काढल्यात आणि वाटल्यात, हे फार छान केलंत. वहिनींनी आमच्या मोगऱ्याचे गजरे करून चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना दिले, आंबेडाळीला आणि पन्ह्याला आमच्याच झाडाच्या कैऱ्या. गल्लीतली प्रत्येक बाई मला भेटून सांगते, तुमचा मोगरा काय सुंदर होता हो. मी तो पाहिलाही नाही, पण मिरवते. लिंबावरच्या त्या पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या तुम्ही हाताने वेचल्यात, फवारा मारला नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार.

आता देण्याघेण्याचं. पैसे तुम्ही घेणार नाही, तो विषय बंद. पण हळद दळून आली आहे, त्यातला अर्धा वाटा तुमचा. डबा वहिनींच्या हातात देणार आहे, म्हणजे परत यायची भीती नाही. बियाण्याचे गड्डे तुम्ही सावलीत, हळदीच्याच पाल्याखाली झाकून ठेवले होते, एकही सुरकुतलेला नाही. अक्षय्यतृतीयेला लावायचे आहेत. या वर्षी दोन वाफे आमच्याकडे आणि एक तुमच्या बोअरजवळच्या मोकळ्या जागेत. जागा ह्यांनी पाहून ठेवली आहे, नाही म्हणू नका.

आणि आषाढात तुम्ही दोघं लोणंदला माउलींची पालखी गाठून पुढे पंढरपूरपर्यंत चालायचं म्हणताय, असं वहिनी बोलल्या. जनावरांमुळे घरातून निघता येत नाही, असंही म्हणाल्या. निघा. शेळीचं मी बघेन, माझं बालपण शेळ्यांमागे गेलं आहे. कोंबड्यांना दाणे घालायचं काम ह्यांनी अंगावर घेतलंय. फक्त तो तुमचा तांबडा कोंबडा ह्यांना बघितलं की पोटरीला येऊन टोचतो, त्याला काय दाखवलं की तो गप्प बसतो, तेवढं जाण्याआधी सांगून जा.

तुमच्या शेजारच्या बाई
आणि साहेब