भिंत बांधा, कर्ज घ्या : खासदार श्री ठाणेदार यांना खुलं पत्र

माननीय श्री ठाणेदार,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम मराठीत लिहितोय. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातल्या 435 जणांपैकी ते मराठीतच वाचू शकणारे बहुधा तुम्ही एकटेच असाल. शिवाय बेळगावात वाढलेल्या माणसाला नकाशावरची रेघ लोकांच्या घरात कशी शिरते हे समजावून सांगावं लागत नाही.

मी डेट्रॉइटच्या उपनगरात, तुमच्या मतदारसंघाबाहेर राहतो, म्हणजे तुमचा मतदार नाही. मागे पुण्याहून भाचा आला होता. नदीकाठ पाहून झाला, मोटारींचं म्युझियम झालं, मग त्याला एट माइल रोडजवळची बर्वुड वॉल दाखवायला नेलं. सहा फूट उंच, फूटभर जाड आणि अर्धा मैल लांब अशी ती काँक्रीटची भिंत. एका भागावर आता रंगीत चित्रं आहेत आणि लगतच्या मैदानात मुलं खेळतात. भाचा म्हणाला, "मामा, एवढीशीच? ही तर कुणीही चढून जाईल."

खरंच आहे. ती कुणाला अडवायला बांधलीच नव्हती. 1941 मध्ये एका बिल्डरला तिथे गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती, म्हणून सरकारी गृहनिर्माण खातं कर्जाला हमी देईना. त्याने मध्ये ही भिंत घातली आणि हमी मिळाली. भिंत लोकांसाठी नव्हतीच, ती फायलीसाठी होती.

तेव्हापासून मला इथल्या राजकारणातली भीती जरा वेगळी दिसते. आपण म्हणतो लोक घाबरलेत, लोकांची मनं दुभंगलीत. पण या देशात भीती तारण ठेवता येते. तिच्यावर कर्ज मिळतं, निधी जमतो, निवडणूक जिंकता येते. माझ्या मेलबॉक्समध्ये दोन्ही पक्षांचे निधी मागणारे मेल येतात. नाव झाकलं तर कोणता कुणाचा ते ओळखता येत नाही, दोघांच्याही मते आज रात्री बारापर्यंत देश बुडणार असतो. आणि भीती पसरवणाऱ्याला भुर्दंड पडतो तो किती? तुमच्या डेट्रॉइटला लागूनच्या हायलँड पार्कमध्ये 1982 मध्ये जपानी गाड्यांमुळे नोकऱ्या गेल्याच्या रागात व्हिन्सेंट चिनला बॅटने मारलं. तो जपानी नव्हताच, चिनी वंशाचा होता. मारणाऱ्यांना तीन वर्षं प्रोबेशन आणि 3,000 डॉलर दंड झाला, तुरुंग नाही.

4 नोव्हेंबर 2020 ची, अध्यक्षीय निवडणुकीच्या दुसऱ्या दिवसाची दुपार तुम्हाला आठवत असेल. टीसीएफ सेंटर या मोठ्या सभागृहात डेट्रॉइटची टपालाची मतं मोजणं चालू होतं, बाहेर ट्रम्प समर्थकांचा जमाव काचांवर मुठी आपटत "मोजणी थांबवा" ओरडत होता आणि आत कर्मचारी काचांना पुठ्ठे लावत होते. टीव्हीवर ते पुठ्ठे पाहून एका बाजूला वाटलं, आत काहीतरी काळंबेरं चाललंय; दुसऱ्या बाजूला वाटलं, आता काचा फुटणार. एकाच पुठ्ठ्याच्या दोन भीती.

त्याच्या पुढचं मात्र लोक विसरतात. मिशिगन सिनेटच्या चौकशी समितीचे अध्यक्ष एड मॅकब्रूम हे रिपब्लिकन, उत्तरेकडचे दुग्धव्यवसाय करणारे शेतकरी. जून 2021 मध्ये त्यांच्या समितीने लिहून दिलं की निकाल फिरवील असा व्यापक गैरप्रकार सापडला नाही. त्यांच्याच मतदारांना हे ऐकायचं नव्हतं. तेव्हा तुम्ही लॅन्सिंगला, राज्याच्या राजधानीत, विधानसभेत होतात, त्याची किंमत काय असते ते तुम्ही जवळून पाहिलंय.

असे मॅकब्रूम इतके कमी का? मला वाटतं लोकप्रतिनिधीच सगळ्यात जास्त घाबरलेला असतो, आणि तो विरोधकाला नाही तर स्वतःच्या प्रायमरीला, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीला घाबरतो. राग मानू नका, उदाहरण तुमचंच देतो. ऑगस्ट 2022 च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत नऊ उमेदवार होते आणि तुम्ही सुमारे 28 टक्के मतांवर जिंकलात. नोव्हेंबरची निवडणूक मग उपचारापुरती. त्यातून जवळपास 70 वर्षांनी पहिल्यांदाच डेट्रॉइटचा एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये उरला नाही. ती सल अजून आहे, आणि ती तुमच्याविषयीची असूया म्हणून झटकून टाकू नये. रिपब्लिकनांच्या सुरक्षित जागांवरही हेच गणित चालतं. मूठभरांना खूश ठेवलं की जागा पक्की, मग पलीकडच्याशी बोलायचं कशाला?

तुमचा मतदारसंघ 13 नागरिकांच्या आयोगाने आखला: चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कुठल्याच पक्षाचे नाहीत. तोही चुकला, डेट्रॉइट भागातले राज्य विधिमंडळाचे 13 मतदारसंघ डिसेंबर 2023 मध्ये कोर्टाने घटनाबाह्य ठरवले आणि ते पुन्हा आखावे लागले. चूक झाली, कोर्टात गेली, दुरुस्त झाली. याउलट 2025 मध्ये टेक्सासने रिपब्लिकनांच्या पाच जागा वाढवायला मध्येच नकाशा बदलला, तर कॅलिफोर्नियाने उत्तर म्हणून स्वतःच्याच स्वतंत्र आयोगाचा नकाशा बाजूला ठेवला. जशास तसं म्हणून मलाही तेव्हा बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण त्यात दोन्हीकडे सुरक्षित जागाच वाढल्या. माझी पहिली मागणी ही की असे आयोग साऱ्या देशात यावेत, मधल्या काळात नकाशे बदलायला बंदी यावी, आणि हे तुम्ही तुमच्या पक्षाला परवडत नसेल तेव्हाही सभागृहात बोलावं.

दुसरी साधी आहे. आमच्या इथल्या एका मराठी ग्रुपवर 2024 च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या निकालाच्या रात्री इतकी जुंपली की ॲडमिनने ग्रुपला कुलूप घातलं. वीस वर्षं एकत्र गणपती बसवणारी माणसं आता आरतीला वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभी राहतात. आणि मी, इथला नागरिक, 2025 पासून भाजी आणायला जाताना, कुणी अडवून नागरिकत्वाचा पुरावा मागितला तर म्हणून, पासपोर्ट खिशात ठेवतो. बायको हसायची, आता तीही ठेवते. माझ्या ज्या मित्राला हे हास्यास्पद वाटतं, त्याला सीमेवरून कोण येतंय याची तितकीच खरी धास्ती आहे. आम्ही दोघं वर्षभर बोललेलो नाही.

एट माइलच्या पलीकडे मॅकोम्ब काउंटी आहे. तिथल्या एखाद्या रिपब्लिकन लोकप्रतिनिधीला घेऊन त्या भिंतीपाशी, मैदानात, दोघांची मिळून एक सभा घ्या. प्रश्न दोन्हीकडच्या लोकांनी विचारावेत आणि तुम्ही दोघांनी आपापल्याच लोकांना न आवडणारं एकेक उत्तर द्यावं. खुर्च्या मांडायला मी येतो, मित्रालाही ओढून आणतो. त्या दिवशी पासपोर्ट घरी ठेवीन.

आपला,
मिशिगनमधला एक मराठी मतदार