कॉम्प्रेसरचे तास कॉम्प्रेसरच्याच नावावर राहिले, त्याबद्दल

प्रिय मॅडम,

स. न. वि. वि.

तुमचं नाव येणार नाही या अटीवर तुम्ही या पत्राला हो म्हणालात, म्हणून नुसतंच ‘मॅडम’. आमच्या मेंटेनन्सच्या लोकांना कुणाचे जाहीर आभार मानायची सवय नाही. यंत्र चालू असलं की आमची आठवण कुणाला नसते आणि बंद पडलं की सगळ्यांनाच असते. तरी आमच्या यंत्रांची माहिती सॅपमध्ये, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चढवताना तुम्ही केलेलं काम कागदावर यावं असं वाटलं. चाकण असो, वाळूज असो, सॅपमध्ये मेंटेनन्सचं मोड्यूल (पीएम) नव्यानं घेणाऱ्या प्रत्येक प्लॅनरला याच फाट्यावरून जावं लागतं, आणि तिथे पाटी लावलेली नसते.

आमच्याकडे सॅप होतं, पण खरेदी, स्टोअर आणि अकाउंट्सपुरतं. यंत्रांची माहिती लॉगबुकात, थोडी एक्सेलमध्ये आणि बरीचशी जुन्या फिटरच्या डोक्यात. ती सगळी पीएममध्ये चढवायची होती. काम ऐकायला सोपं वाटतं: एक शीट, तिच्यात यंत्रं, प्रत्येक यंत्राचं तास-मीटर, आजचं रीडिंग, दर ५०० तासांनी सर्व्हिस. सॅपला मात्र ही एक ओळ एका घासात गिळता येत नाही. आधी आयई०१ मध्ये (सॅपचे पडदे अशा कोडनं उघडतात) यंत्र तयार होतं आणि सॅप त्याला स्वतःचा क्रमांक देतं. तो क्रमांक घेऊन आयके०१ मध्ये मेजरिंग पॉइंट, म्हणजे मीटर, बनवायचं. त्यालाही क्रमांक मिळतो. तो दिल्याशिवाय आयके११ मध्ये पहिलं रीडिंग टाकता येत नाही. पुढे आयपी४१ मध्ये मेंटेनन्स प्लॅन बनवताना यंत्राचा आणि मीटरचा असे दोन्ही क्रमांक लागतात, आणि त्यातून निघालेला प्लॅनचा क्रमांक आयपी१० मध्ये देऊन वेळापत्रक सुरू करायचं. प्रत्येक पायरीला मागच्या पायरीचं उत्तर लागतं, आणि ते उत्तर शीट भरताना कुणालाच ठाऊक नसतं.

शीटवरून सॅप आपोआप भरणारा जो तयार साचा आम्हाला मिळाला होता, त्यात ही साखळी एका दमात चालायची. पहिल्या पडद्याचा क्रमांक प्रोग्रॅमच्या एका खणात, म्हणजे तात्पुरत्या जागेत, उचलायचा, पुढच्या पडद्यावर टाकायचा, पुन्हा उचलायचा. टेस्ट सिस्टिममध्ये सगळ्या ओळी हिरव्या दिसत होत्या आणि मीटिंगमध्ये टाळ्याही पडल्या. तुम्ही तेवढ्या गप्प होतात. मग विचारलंत, “यंत्राची ओळ पडली, तर त्या खणात काय उरतं?”

काय उरणार, वरच्या ओळीचा क्रमांक! एका डीजी सेटचं (डिझेल जनरेटरचं) कॉस्ट सेंटर, म्हणजे खर्च ज्या विभागावर पडतो त्याचा कोड, चालत नव्हतं म्हणून यंत्र बनलंच नाही, पण खणात आधीच्या कॉम्प्रेसरचा क्रमांक तसाच बसलेला होता. पुढच्या पायऱ्यांनी तो निमूट उचलला. डीजी सेटचं मीटर, रीडिंग आणि प्लॅन सगळं कॉम्प्रेसरला जाऊन चिकटलं. लॉगमध्ये एक लाल ओळ आणि तिच्याखाली हिरव्याच हिरव्या. पीएममध्ये असं पाणी मुरलं की ते महिन्यांनी दिसतं: कॉम्प्रेसरचं तेल भलत्या वेळी बदललं जातं आणि डीजी सेटकडे कुणी फिरकत नाही. हे तुम्ही गो-लाइव्हच्या, म्हणजे खरी सिस्टिम सुरू होण्याच्या, आधी पकडलंत. खरं सांगायचं तर एवढ्या एका प्रश्नासाठीही हे पत्र लिहिलं असतं.

दुसरी खोच त्याहून बारीक होती. सॅप स्वतःही आठवण ठेवतं. शेवटचा वापरलेला यंत्र-क्रमांक त्याच्या मेमरीत राहतो आणि पुढचा पडदा उघडला की आपोआप भरलेला दिसतो. हातानं काम करणाऱ्याला ती सोय आहे. लोडिंगमध्ये मात्र रेकॉर्डिंगनं, म्हणजे पडदे भरण्याच्या साठवलेल्या क्रमानं, ती चौकट रिकामी सोडली, की मेमरीतला कुठला तरी जुना क्रमांक गुपचूप येऊन बसतो. म्हणून तुमचा नियम: प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला खण पुसायचा, क्रमांक नेहमी स्पष्ट भरायचा, आणि खण रिकामा असेल तर ती ओळ तिथेच थांबवायची.

क्रमांक कुठून उचलायचा, यावरही तुम्ही आमचा क्लास घेतलात. ‘अमुक क्रमांकाने तयार झाले’ या सॅपच्या संदेशाच्या वाक्यातून अक्षरं कापून क्रमांक काढणं तुम्हाला मुळीच मान्य नव्हतं. लॉगिनची भाषा बदलली की वाक्य बदलतं. संदेशाचा वर्ग, त्याचा नंबर आणि त्याच्यासोबत येणारी मूल्यं वेगळी मिळतात, तीच वाचायची. तीही कुठल्या खणात येतील ते आधी बघून. विक्री ऑर्डर सेव्ह झाल्याचा संदेश व्ही१ ३११ असतो आणि त्यात ऑर्डरचा क्रमांक दुसऱ्या खणात येतो, पहिल्यात ऑर्डरचा प्रकार. पहिलाच खण उचलणारा माणूस पुढे डिलिव्हरी बनवायला ‘स्टँडर्ड ऑर्डर’ हे शब्द घेऊन जाईल, असं तुम्ही हसत म्हणाला होतात.

आणि संदेश आला म्हणजे नोंद झाली असंही नाही, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. कॉल ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमनं पडदे चालवण्याच्या पद्धतीत, अपडेटचा प्रकार सांगितला नाही तर सॅप क्रमांक देऊन मोकळं होतं आणि टेबलात लिहिण्याचं काम मागाहून उरकतं. क्रमांक पुढे, नोंद मागे, वरातीमागून घोडं. मीटर बनल्याबरोबर रीडिंग टाकायला जावं तर सॅप म्हणतं असं मीटरच नाही. तेच रीडिंग थोड्या वेळानं हातानं टाकलं की बिनबोभाट जातं, त्यामुळे माणूस गोंधळतो. तुम्ही अपडेट ‘एस’वर नेलंत, म्हणजे लिहून होईपर्यंत थांबणारं. वर एसएम१३, म्हणजे अपडेटच्या नोंदींचा पडदा, उघडून दाखवलंत की कधी कधी अपडेट मध्येच पडतं. तेव्हा क्रमांक खर्च झालेला असतो आणि नोंद कुठेच नसते.

म्हणूनच तुमचा खरा उपाय क्रमांक वाहून नेण्याचा नव्हता. तुम्ही म्हणालात, यंत्राला तुमचं स्वतःचं एक नाव आहे ना, मग तेच प्रत्येक पायरीवर सोबत न्या. आमचे टॅग, सीएमपी-०४ वगैरे, तुम्ही यंत्राच्या टेक्निकल आयडेंटिफिकेशन नंबरमध्ये आणि मीटरच्या मेजरिंग पोझिशनमध्ये बसवलेत. एक पायरी पुरी झाली की टॅगवरून टेबल वाचायचं, जे सापडेल त्याचा सॅप-क्रमांक रजिस्टरमध्ये टॅगसमोर लिहायचा आणि पुढची पायरी त्या रजिस्टरवरून चालवायची. जे टेबलात नाही ते झालंच नाही, लॉग काहीही म्हणो. लोडिंग मध्येच तुटलं तरी पुन्हा चालवायची भीती राहिली नाही, कारण टॅग सापडला की ते यंत्र आधीच आहे, दुसरं बनवायचं नाही.

एका बटणात सगळं होणारी साखळी डेमोत छान दिसते. माझं स्पष्ट मत झालंय की दहावीस यंत्रांपुरती ती ठीक, काही शे यंत्रं असतील तर पायरीपायरीनं जावं आणि मध्ये रजिस्टर ठेवावं. एसएम३५ च्या सेशननं, म्हणजे काम रांगेत ठेवून, लोड करणाऱ्यांना तर दुसरा मार्गच नाही. सेशन नंतर कधीतरी चालतं आणि बनलेला क्रमांक आपल्या प्रोग्रॅमला परत देत नाही.

एक्सेलबद्दल तुमचा राग मला आधी जास्त वाटला होता. मग शेड ४, इलेक्ट्रिकल, १२ असा आमचा ‘४ई१२’ टॅग एक्सेलनं चारावर बारा शून्यं अशी संख्या समजून ४ लाख कोटींवर नेऊन ठेवला, आणि ‘३-५’ची तारीख झाली. नुसत्या आकड्यांच्या टॅगांची पुढची शून्यं गेली ती वेगळीच. टॅग भरण्याआधी सगळा कॉलम टेक्स्ट करायचा, ही सवय तेव्हापासून.

जे मागच्या पायरीतून येतच नाही, तेही तुम्ही आमच्याकडून काढून घेतलंत. समजा मीटर १२,३४० तास दाखवतंय आणि शेवटची सर्व्हिस १२,१०० ला झाली. पुढची १२,६०० ला हवी, पण १२,१०० हा आकडा सॅपला कुठून कळणार? तो लॉगबुकातून आयपी१० मध्ये द्यावा लागतो. तसाच मीटरचा वार्षिक अंदाज. यंत्र वर्षाला ६,००० तास चालतं असं सांगितलं तरच सॅप ५०० तासांचा हिशेब साधारण महिन्यावर आणून तारीख काढतं. हे आकडे मिळवायला तुम्ही आमच्या फिटरांजवळ कॉम्प्रेसर रूममध्ये, त्या आवाजात, वही घेऊन उभ्या होतात. एबॅपवाली, म्हणजे सॅपचं प्रोग्रॅमिंग करणारी, माणसं तिथवर येत नाहीत, निदान आम्ही तरी पाहिली नव्हती. आमचे फोरमन तुम्हाला आजही ‘रीडिंगवाल्या मॅडम’ म्हणतात.

आता एस/४ हाना या सॅपच्या नव्या आवृत्तीत मायग्रेशन कॉकपिट, म्हणजे माहिती चढवायचं तयार साधन, आहे, यंत्र, मीटर, प्लॅन यांचे साचे तयार मिळतात, मग एवढा खटाटोप कशाला, असं आमचा एक तरुण सहकारी परवा म्हणाला. साचे चांगले आहेत. पण कुठलं मीटर कुठल्या यंत्राचं, हे त्यातही आपल्यालाच सांगावं लागतं. त्याला तुमचं रजिस्टर दाखवलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसवलं.

दुसऱ्या प्लांटचं काम लवकरच सुरू होतंय. तिथे अर्ध्या यंत्रांवर टॅगच नाहीत, आणि एकाच नावाचे दोन पंप निघाले. लोडिंगची शीट अजून उघडलेली नाही, आधी पेंटर लावलाय. टॅगची यादी पक्की झाली की तुम्हाला पाठवतो. वेळ मिळाला तर नजर टाका, आणि यंत्र पडलं तर खणात काय उरतं ते तिथल्या टीमलाही एकदा विचारा.

कळावे, लोभ असावा.

तुमचा,
एक मेंटेनन्स प्लॅनर, चाकण